वरची माती

खाण बंद झाली त्या दिवशी माझ्या माहेरी शिरा केला होता. क्रशरचा खडखडाट थांबला म्हणून नव्हे, आता आपलं भाताचं खाचर पुन्हा पिकणार म्हणून. आईने फोन करून जेवायला बोलावलं, मी मारुंजीहून बस बदलत बदलत गेले, दोनदा वाढून घेतला आणि समाधानाने परत आले. त्या शिऱ्याची आठवण झाली की मला अजून राग येतो. एवढी घाई कशाला केली आम्ही तोंड गोड करायची?

मला राग लवकर येतो हे आधीच सांगते. घरात सगळे म्हणतात की माझ्या जिभेला हाड नाही. कुणाच्याच जिभेला नसतं. पण या एका प्रकरणात माझ्या जागी देवमाणूस असता तरी त्याने कपाळ बडवून घेतलं असतं.

मी मारुंजीला दिलेली. सासरच्या शेतात आता खोल्या उभ्या आहेत, त्यांत हिंजवडीला कामाला जाणारी माणसं भाड्याने राहतात आणि आमच्या घरी तांदूळ दुकानातून येतो. माहेर मुळशी धरणाच्या अंगाला. तिथे अजून भात लावतात. आमच्या वाट्याला डोंगराच्या पायथ्याचं एकच खाचर आलं, पण आई त्याच्याबद्दल बोलायला लागली की नवख्याला वाटायचं, हिच्याकडे अख्खं शिवार आहे. त्याला कारण होतं. पाऊस गेला तरी आमच्या खाचरात पाणी असायचं. वरच्या उतारात मुरलेलं पाणी जमिनीखालून झिरपत खाली उतरायचं. आमच्याकडे त्याला उपळ म्हणतात. दसऱ्यानंतर शेजारच्या खाचरांना भेगा पडायच्या, तेव्हा आमच्या खाचरात पाय रुतायचा. म्हणून आई उशिरा पिकणारा आंबेमोहोर लावायची. आमच्या चुलीवर भात चढला की वास रस्त्यापर्यंत जायचा आणि आई मुद्दाम दार उघडं ठेवायची.

वरचा उतार भावकीचा, सामाईक. गवत आणि करवंदीच्या जाळ्या यापलीकडे तिथे काही नाही, असं म्हणून वडिलांनी आणि चुलत्यांनी तो दगडाच्या खाणीसाठी भाड्याने दिला. हिंजवडीकडे इमारती उठत होत्या, त्यांना खडी हवी होती. उतारावर वाघजाई होती, तेवढी एकच अडचण. वाघजाई म्हणजे शेंदूर फासलेला, कवेत मावेल एवढा दगड. नवरात्रात तिच्यापुढे पहिला दिवा लावायचा मान आमच्या घराचा.

खाणवाल्याने दगडाला हात लावायच्या आधी उतारावरची माती खरवडून काढली आणि एका कडेला तिचा लांबलचक ढीग घातला. आता देवी न्यायची कुठे यावर चुलत्यांचा खल सुरू झाला. कुणी म्हणे मारुतीच्या देवळात, कुणी म्हणे पाराखाली. आई मध्ये बोलणारी बाई नव्हती, पण त्या दिवशी बोलली.

"ती ह्या मातीची हाय," ती म्हणाली. "माती जितं जाईल, तितं ती जाईल."

तिने देवीच्या बुडाशी रचलेले दगड मोकळे केले, देवी पदरात घेतली आणि अनवाणी चालत जाऊन त्या ढिगावर बसवली. चुलत्यांनी तिथेच हात जोडले. मलाही ते फार पटलं होतं. पुढेमागे खाण संपेल, माती जागेवर परत जाईल, तेव्हा देवीही तिच्याबरोबर परत जाईल. इतका सरळ विचार होता तो. सरळ विचार करणाऱ्यांचं काय होतं ते मी आता सांगतेच आहे.

खाण चालू होती ती वर्षं फार उगाळत नाही. सुरुंग उडाला की आमच्या फडताळातली भांडी वाजायची. भाताच्या पातीवर पांढरी धूळ बसायची आणि ते पीक म्हातारं दिसायचं. वडील त्याच काळात गेले. खड्डा खोल होत होत आमच्या खाचराच्याही खाली उतरला आणि उपळ आटली, कारण डोंगरातलं पाणी आता वाटेतच खड्ड्यात पडत होतं. पाणी कुणी पळवून नेलं असतं तर पोलिसात तक्रार तरी करता आली असती. इथे ते समोर खड्ड्यात दिसत होतं, हिरवंगार, आणि खाचरात थेंब नव्हता.

मुदत संपत आली तशी खाणवाल्याला देवी आठवली. त्याने स्वतःच्या खर्चाने तिला त्या मातीच्या ढिगावरच छोटं देऊळ बांधून दिलं. खाली गुळगुळीत फरशा, वर पत्रा, दाराला घंटा आणि देणगीदार म्हणून स्वतःच्या नावाची संगमरवरी पाटी. भावकीने त्याला शाल-श्रीफळ दिलं. आईसुद्धा खूश होती. देवीच्या डोक्यावर इतकी वर्षं ऊनपाऊस होता, आता सावली झाली म्हणाली. खाणवाला सगळ्यांच्या पाया पडला. पाया पडणाऱ्या माणसाकडे बघताना आपण त्याच्या डोक्याकडे बघतो, हाताकडे बघत नाही.

मग खाण बंद झाली आणि तो शिरा झाला. पण पुढच्या पावसाळ्यानंतरही खाचर दसऱ्यालाच भेगाळलं. आंबेमोहोर ओंबीत दूध भरायच्या वेळेला वाळला. खाण देताना अट होती की काम संपल्यावर खड्डा भरायचा, उतार पूर्वीसारखा करायचा, झाडं लावायची. आम्हाला वाटलं होतं, हे आता आपोआप होईल. भाऊ हिंजवडीच्या एका कंपनीची बस चालवतो, त्याला रजा मिळत नाही. तेव्हा ऑफिसांच्या पायऱ्या चढायचं काम माझ्याकडे आलं.

ऑफिसांची नावं घेत नाही. एका ऑफिसने सांगितलं, दगड काढेपर्यंत आमचं काम, खड्डा भरणं आमच्याकडे येत नाही. दुसऱ्याने सांगितलं, धूळ आणि धूर आमच्याकडे, खाण बंद झाली म्हणजे धूळ बंद झाली, आता तुमची तक्रार काय? तिसऱ्याने सांगितलं, हा तुमच्या भावकीचा आणि खाणवाल्याचा आपसातला करार, कोर्टात जा. कोर्टात विचारायला गेले तर वकील म्हणाला, आधी पहिल्या ऑफिसचं म्हणणं लेखी आणा. सरकारी काम आणि बारा महिने थांब म्हणतात, ते म्हणणाऱ्याला बाराच महिन्यांत सुटका मिळाली असावी. मी प्रत्येक वेळी चांगली साडी नेसून जायची आणि येताना घाटातल्या वळणांवर मनातल्या मनात शिव्या द्यायची.

शेवटी एक साहेब पाहणीला आले. तरुण होते, बोलायला नम्र होते. खाणवाल्याचा मॅनेजर त्यांच्या आधीच येऊन उभा होता. खड्ड्याच्या काठावर उभं राहून त्याने हात लांब केला आणि हा जलसाठा आहे असं सांगितलं. गावाला पाणी झालं, पक्षी येतात, भरून टाकलं तर उलट नुकसान. आणि साहेबांना ते पटलं. खरंच पटलं. त्यांनी पाण्याचा फोटो काढला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण मी बोलायच्या आधी आईने विचारलं, साहेब, हे पाणी खाली हाय आणि माजं खाचर वर हाय, ते चढून येणार कसं? साहेब म्हणाले, आजी, पंप लावता येईल. आमच्या बापजाद्यांच्या खाचरात पाणी आपल्या पायांनी येत होतं आणि हा माणूस आम्हाला पंप सांगत होता.

त्याच सुमाराला चुलत्यांच्या घरी प्लॉटवाले यायला लागले. शनिवार-रविवारी पुण्याहून येणाऱ्यांना खिडकीतून पाणी दिसलेलं आवडतं म्हणे. खड्ड्याला त्यांनी तळं म्हणायला सुरुवात केली, मग चुलते म्हणायला लागले, मग माझा भाऊही एकदा म्हणून गेला. मी त्याच्याकडे डोळे वटारून बघितलं. पण त्याचंही चूक नव्हतं. खाचर पिकत नसेल तर ठेवायचं कशाला, असं त्याचं म्हणणं होतं. आई या विषयावर एकच सांगायची की मी जिवंत हाय तवर खाचर विकायचं न्हाई, आणि उपळ आली की तुमी पण असं म्हननार न्हाई. सगळं त्या उपळीवर अडलं होतं. उतार भरला तर उपळ, उपळ आली तर खाचर, नाहीतर पुढच्या दिवाळीपर्यंत तिथे कुणाचा तरी पोहायचा हौद.

आमच्या वरच्या खोलीत तेव्हा वणीकडची एक बाई राहायची, कंपनीत नोकरीला. तिचे वडील कोळशाच्या खाणीत कामाला होते. मी एक दिवस पाहणीवरून येऊन भांडी आपटत होते, तेव्हा तिने जिन्यावर बसून सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, काकू, खड्डा खड्डा करू नका, खड्ड्याबद्दल त्यांच्याकडे उत्तरं तयार असतात. माती कुठे आहे ते विचारा. तिच्या गावाकडे खाणींच्या मातीचे डोंगर झाले आहेत. नियम असा की सगळ्यात वरची माती वेगळी ठेवायची आणि शेवटी तीच वर पसरायची, कारण झाडझाडोरा धरते ती तेवढीच. पण तिकडे ती दगडगोट्यांत मिसळून जाते, मग त्या दगडांवर बाभळी लावतात आणि फोटो पावसाळ्यात काढतात. उन्हाळ्यात फोटो काढायला कुणी येत नाही. तिथे वरची माती कुठे गेली ते सापडतच नाही म्हणाली, तुमची तर समोर दिसते आहे.

खरंच समोर होती. गवत वाढून ढिगाचं टेकाड झालं होतं, पण माती तीच होती. खड्ड्यात खाली खडीचा चुरा आणि टाकाऊ दगड भरायचे, वर ही माती पसरायची, म्हणजे बाहेरून काही आणायलाच नको. मी तो एकच प्रश्न धरला आणि सोडला नाही. माती आहे, जागा आहे, अट आहे, मग घोडं पेंड कुठे खातंय? ऑफिसात मला बघून शिपाईसुद्धा म्हणायला लागला, मातीवाल्या बाई आल्या. आणि एक दिवस खरोखरच हुकूम निघाला. साठवलेली माती वापरून उतार पूर्ववत करावा. साहेब स्वतः हजर राहतील. मी तो हुकूम आईला फोनवर वाचून दाखवला. ती म्हणाली, आंबेमोहोराचं बी कुणाकडं मिळंल ते बघून ठेव.

त्या सकाळी सगळेच वेळेवर आले, हेच मला जरा विचित्र वाटलं होतं. साहेब आले, चुलते आले, गुरव आला. खाणवाल्याचा मॅनेजर तर जेसीबी घेऊन आला होता. हात जोडून म्हणाला, आमची ना नाहीच, मशिन आणलंय, फक्त देवीचं काय ते गावाने सांगावं. साहेबांनी चुलत्यांकडे बघितलं. थोरले चुलते म्हणाले, देवीला विचारल्याशिवाय तिला हलवता येणार नाही, कौल लावू. मला कळलं की हे ठरवून आले आहेत. तळं त्यांनाही हवंच होतं. आता कौल लागेल, नकार येईल, आणि नकार द्यायचं पाप देवीच्या माथी जाईल.

गुरवाने देवीला पाणी घातलं आणि तिच्या अंगावर दोन फुलं चिकटवली, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. जेसीबीवाल्याने इंजिन बंद केलं. माझा अशा गोष्टींवर विश्वास किती आहे ते विचारू नका, पण मी त्या उजव्या फुलाकडे असं बघत होते की त्याला धक्काच बसावा. आणि ते पडलं. उजवं. चटकन, काही आढेवेढे न घेता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी आम्हाला एका फेरीत सरळ उत्तर दिलं होतं.

चुलत्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले. साहेब घड्याळ बघत म्हणाले, मग घ्या उचलून. आई पुढे झाली. तिने बसवली होती, तिनेच उचलायची हे कुणी सांगायला नको होतं. तिने चपला काढल्या, पदर पुढे घेतला, देवीच्या पाया पडली आणि दोन्ही हात त्या दगडाच्या बुडाशी घातले.

दगड हलला नाही.

तिला वाटलं आपल्याच हातात जोर राहिला नाही. भाऊ पुढे झाला, त्याने हात लावला, मग खाली वाकून बघितलं. देवी बुडापासून वीतभर सिमेंटात घट्ट बसवलेली होती आणि वरून फरशा लावल्या होत्या. मॅनेजर लगेच म्हणाला, चोरीची भीती असते ना हल्ली, म्हणून मिस्त्रीने पक्कं केलं होतं. शेंदूर लावलेला दगड कोण चोरून नेणार होतं? पण देऊळ झालं तेव्हा आम्ही सगळे तिथेच होतो, प्रसाद खात होतो. ते ठरवून केलं होतं की खरंच मिस्त्रीचा शहाणपणा होता, हे मला आजही छातीठोक सांगता येत नाही, आणि तेच मला जास्त टोचतं.

मी म्हटलं, फोडा ते सिमेंट. छिन्नी घ्या, हातोडा घ्या, मशिन आहे समोर. थोरले चुलते म्हणाले, आणि टवका उडाला तर? खंडित देवी पुजत नाहीत. छिन्नी कोण धरणार ते सांग. मी गुरवाकडे बघितलं, त्याने मान खाली घातली. जेसीबीवाला तर आधीच खाली उतरून लांब जाऊन उभा राहिला होता. मी भावाला म्हटलं, तू धर. त्याचा हात पुढे झाला नाही. मग मी स्वतः धरते म्हटलं, आणि आईने माझं मनगट पकडलं. लहानपणी विहिरीच्या काठावर धरायची तशी पकड होती ती. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात. इथे कर्म म्हणजे पाटीभर सिमेंट होतं.

साहेबांनी देवळाचा फोटो काढला. मी त्यांना म्हटलं, देवळाची जागा सोडून बाकीची माती तरी पसरा. ते म्हणाले, खालून माती काढली तर देऊळ खचेल, त्याची जबाबदारी कोण घेणार? जबाबदारी हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. पुढे जे पत्र आलं त्यात लिहिलं होतं की साठवलेल्या मातीवर देवस्थान असल्याने आणि ते हलवणं शक्य नसल्याने उतार पूर्ववत करता येत नाही, सबब खड्ड्याला तारेचं कुंपण घालून प्रकरण बंद करण्यात येत आहे. गावाने विरोध केला असंही त्यात एका ओळीत होतं. विरोध. देवीने होकार दिला होता, ते कुठेच नव्हतं. साहेबांच्या कागदात फुलाला जागा नसते हे मला समजतं. मग सिमेंटाला कशी असते?

तारेचं कुंपण झालं. पोहण्यास मनाई अशी पाटी लागली. चुलत्यांनी त्यांचा वाटा प्लॉटवाल्यांना दिला. भावाने अजून आमचं विकलं नाही, पण आता त्या विषयावर आई काही बोलत नाही, आणि तिचं न बोलणं मला त्याच्या बोलण्यापेक्षा वाईट वाटतं. आणून ठेवलेलं बी तिने कोंबड्यांना घातलं.

या नवरात्रात मी माहेरी गेले होते. पहिला दिवा आमचाच. मला वाटलं आई या वर्षी जाणार नाही, किंवा गेली तरी तोंड फिरवून दिवा ठेवेल. मी तर मनाशी ठरवूनच गेले होते की पाया पडायचं नाही. पण आईने नेहमीसारखं देवीला पाणी घातलं, शेंदूर लावला, दिवा ठेवला. मग खाली बसून पदराच्या टोकाने त्या बुडाकडचं सिमेंट पुसलं, आजारी माणसाचे पाय पुसावेत तसं. मला ते बघवेना. मी म्हटलं, काय केलं तिने आपल्यासाठी, कशाला करतेस तिचं एवढं?

आईने मागे वळून माझ्याकडे बघितलं.

"तिला कशाला बोलतीस?" ती म्हणाली. "ती उटायला तयार हुती."